‘इतर सर्व व्यक्ती’ म्हणजे कोण?

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिली गेली. त्या उन्हाळ्यात बैठकीला हजेरी लावणारे प्रतिनिधी ५५. त्यातले साधारण निम्मे स्वतः गुलामांचे मालक होते. बाई एकही नव्हती, हे वेगळं सांगायला नकोच. १७९० साली त्या देशाची पहिली शिरगणती झाली तेव्हा जवळपास सात लाख माणसं गुलामीत असल्याची नोंद झाली. तंबाखूची शेतं, भातखाचरं, मालकांची घरं, स्वैपाकघरं, त्यांची तान्ही मुलं, सगळं या माणसांच्या अंगमेहनतीवर चालत होतं. आणि तरीही मूळ घटनेचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला तर त्यात ‘गुलाम’ हा शब्द एकदाही सापडत नाही. ‘गुलामगिरी’ही नाही. ‘स्त्री’ हा शब्दही नाही.

या न लिहिलेल्या शब्दांबद्दल थोडं बोलावंसं वाटतं. कायद्याचे मसुदे वाचणं, त्यावर सूचना पाठवणं, एखाद्या शब्दावरून रात्र रात्र वाद घालणं हे आपल्या गटांना नवीन नाही. ‘शब्दांचा काय एवढा कीस पाडता, अंमलबजावणीचं बघा,’ असं आपल्यातल्याच काहीजणी वैतागून म्हणतात. अंमलबजावणीचं बघायला हवंच. पण एका देशाच्या घटनेनं शब्द गाळून काय काय साधलं, आणि पुढे गुलामगिरी रद्द करतानाही एक शब्द नाकारून कुणाला बाहेर ठेवलं, हे नीट पाहिलं तर शब्दांचा कीस पाडणाऱ्या बायांचं म्हणणं पटेल, असं मला वाटतं.

घटनेत गुलामगिरी मुख्यतः तीन ठिकाणी लपून बसली होती. पहिलं ठिकाण म्हणजे लोकप्रतिनिधींच्या जागांचं गणित. कोणत्या राज्याला किती जागा द्यायच्या हे लोकसंख्येवर ठरणार होतं. त्यासाठी स्वतंत्र व्यक्ती सगळ्या मोजायच्या आणि ‘इतर सर्व व्यक्तीं’च्या संख्येचे तीन पंचमांश त्यात मिळवायचे, असं कलम झालं. या ‘इतर सर्व व्यक्ती’ म्हणजे गुलाम. घटनेनं गुलामाला तीन पंचमांश माणूस मानलं, असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते अर्धवट आहे. गुलाम पूर्ण मोजावेत असा आग्रह दक्षिणेतल्या मालकांचाच होता, कारण मोजणी जितकी जास्त तितक्या त्यांच्या जागा जास्त. मोजलं जाणाऱ्याला मत नव्हतं, पण त्याच्या असण्यानं मालकाच्या राज्याचं वजन वाढत होतं. आता यात बाईकडे पाहा. गोरी स्वतंत्र बाई या मोजणीत पूर्ण धरली जात होती, पण मत तिलाही नव्हतं. (न्यू जर्सी राज्यात मालमत्ता असलेल्या स्त्रियांना काही वर्षं मत होतं, १८०७ मध्ये तेही काढून घेतलं.) गुलाम बाई तीन पंचमांश धरली जात होती आणि तिचं ते वजन तिला विकू शकणाऱ्या माणसाच्या पारड्यात पडत होतं. दोघीही मोजल्या गेल्या, विचारलं दोघींनाही नाही. पण एवढ्यावरून दोघींना एकाच तराजूत घालायची घाई करू नये. त्याबद्दल पुढे.

दुसरं ठिकाण गुलामांच्या आयातीचं. ‘राज्यांना ज्या व्यक्ती आणणं योग्य वाटतं’ त्यांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही, मात्र माणशी दहा डॉलरपर्यंत कर लावता येईल, असं कलम होतं. म्हणजे शब्द ‘व्यक्ती’, आणि आकारणी मालाची. एवढंच नव्हे, तर १८०८ पर्यंत हे कलम दुरुस्तही करता येणार नाही अशी तजवीज घटनादुरुस्तीच्या कलमात करून ठेवली होती. तिसरं ठिकाण पळून जाणाऱ्यांचं: ‘सेवा किंवा श्रम करण्यास बांधलेली व्यक्ती’ दुसऱ्या राज्यात पळून गेली तरी ती मोकळी होत नाही, मागणी होताच ती परत द्यायची.

माणूस हीसुद्धा मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येऊ देणं चुकीचं ठरेल, असं जेम्स मॅडिसन त्या बैठकीत म्हणाला. तो स्वतः गुलाम बाळगून होता. म्हणजे लाज होती, पण ती शब्दांपुरती. फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या थोर नेत्यानं पुढे याच गाळलेल्या शब्दाचा उलटा उपयोग केला. शब्दच नाही तर घटनेचा गुलामगिरीला पाठिंबा आहे असं कशावरून, असा युक्तिवाद तो १८५१ पासून करू लागला. त्याचा एके काळचा सहकारी विल्यम लॉइड गॅरिसन याला हे मान्य नव्हतं. त्यानं १८५४ च्या स्वातंत्र्यदिनी भर सभेत घटनेची प्रत जाळली. मला डग्लसची चतुराई आवडते, पण दिवसाढवळ्या जे घडत होतं त्यावर गॅरिसनचं बोट अधिक अचूक होतं असं वाटतं.

आयातीच्या कलमाकडे परत येते, कारण बायकांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. हे समजायला आणखी सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. व्हर्जिनिया ही तेव्हा इंग्रजांची वसाहत. इंग्रजी रिवाजानुसार मूल बापाचा दर्जा घेऊन जन्माला यायचं. एलिझाबेथ की या बाईची आई आफ्रिकी गुलाम आणि बाप इंग्रज. तिनं १६५० च्या दशकात कोर्टात जाऊन आपलं स्वातंत्र्य मिळवलं, आणि त्यात बाप इंग्रज असल्याचा मुद्दा होता. थोड्याच वर्षांत, १६६२ साली, व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं कायदा केला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. झालं! आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. मालकानं गुलाम बाईवर जबरदस्ती केली तर त्याला शिक्षा नाही, बदनामी नाही, पोसण्याची जबाबदारी नाही. उलट एका डोक्याची भर. आईकडून वंश चालतो म्हणजे तिथे बाईची सत्ता असणार, असं मातृवंशीय समाजांबद्दल बोलताना आपण सहज गृहीत धरतो. आईचा वंश तिच्याच विरुद्ध कसा वापरता येतो हे व्हर्जिनियात दिसतं.

१८०८ च्या १ जानेवारीपासून अमेरिकेनं गुलामांच्या आयातीला खरोखरच बंदी घातली. चांगलाच कायदा होता, त्यासाठी लोक झगडले होते. पण देशातल्या देशात खरेदीविक्री चालूच राहिली. बाहेरचा पुरवठा बंद झाल्यावर देशातल्या गुलामांचे भाव वाढले आणि व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतल्या मालकांना कापसाच्या नव्या मुलखात माणसं विकण्याचा धंदाच मिळाला. गृहयुद्ध सुरू होईपर्यंत साधारण दहा लाख माणसं अशी दक्षिणेकडे नेली गेली. आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. आफ्रिकेतून थेट या भूमीवर आणलेल्या माणसांची संख्या, सगळा काळ धरून, चार लाखांच्या आत आहे. १८६० च्या शिरगणतीत गुलाम होते साडेएकोणचाळीस लाख. ही वाढ बायकांच्या पोटातून झाली. आयात बंद झाल्यानंतर ती व्यवस्था ज्या गिरणीवर चालली ती गिरणी म्हणजे बाईचं गर्भाशय. दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई ही शेतावरच्या सगळ्यात चांगल्या पुरुषापेक्षा जास्त फायद्याची, असं टॉमस जेफरसननं १८२० मध्ये एका पत्रात लिहून ठेवलंय. सगळी माणसं समान जन्माला येतात, असं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारा तो हाच. सॅली हेमिंग्ज ही त्याच्या मृत पत्नीची सावत्र बहीण आणि त्याची गुलाम. तिच्या मुलांचा बाप जेफरसनच, हे आज बहुतेक इतिहासकार मान्य करतात.

ही मुलं कुणाची, असा प्रश्न कायद्यानं विचारायचाच नाही असं ठरवलं होतं. गुलामांचं लग्न कायद्याला मान्य नव्हतं, त्यामुळे नवऱ्यापासून, मुलापासून ताटातूट ही कायद्याच्या दृष्टीनं ताटातूटच नव्हती.

मिसुरी राज्यातली सीलिया. तिचं आडनावही नोंदलेलं नाही. १८५० साली, सुमारे चौदा वर्षांची असताना, साठीला आलेल्या रॉबर्ट न्यूसम नावाच्या विधुर शेतकऱ्यानं तिला विकत घेतलं. तेव्हापासून पाच वर्षं तो तिच्यावर बलात्कार करत राहिला. १८५५ च्या जूनमध्ये ती गर्भार होती, आजारी होती. माझ्या झोपडीत येऊ नको, असं तिनं त्याला बजावलं. तो आला. तिनं त्याच्या डोक्यात काठी घातली, तो मेला. खटल्यात तिच्या वकिलांनी एक साधा मुद्दा मांडला. ‘कोणत्याही स्त्री’वर जबरदस्ती करणं मिसुरीच्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा सीलियाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे. न्यायाधीशानं ज्यूरीला तसं सांगायला नकार दिला. ‘कोणतीही स्त्री’ या शब्दांत सीलिया बसत नव्हती. तुरुंगात तिला मृत मूल झालं आणि २१ डिसेंबर १८५५ ला तिला फाशी दिली. कायद्यात ‘कोणतीही’ लिहिलेलं असलं की आपण निर्धास्त होतो. तो शब्द वाचणारा कोण आहे, हे सीलियाच्या खटल्यानं दाखवलं.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८५६ मध्ये, मार्गारेट गार्नर ही बाई नवरा, सासूसासरे आणि चार मुलांसह केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळाली. पकडणाऱ्यांनी घराला वेढा घातला तेव्हा तिनं आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला; परत गुलामीत जाण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणून. टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ या १९८७ च्या कादंबरीमागे हीच घटना आहे. यातला कायद्याचा पेच मात्र फारसा माहीत नसतो. ओहायोतल्या गुलामगिरीविरोधकांची मागणी होती की तिच्यावर खुनाचा खटला भरा. हो, खुनाचा! कारण खुनाचा आरोप माणसावर ठेवला जातो, आणि मग ती स्वतंत्र राज्यात राहिली असती. पण पळालेल्यांना परत देण्याचं घटनेतलं ते कलम आणि त्यावर बेतलेला १८५० चा कायदा वरचढ ठरला. त्या कायद्यात पळालेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नव्हती. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस गुलामीत परत पाठवला तर दहा डॉलर मिळत आणि सोडला तर पाच. मार्गारेट परत पाठवली गेली, खुनी म्हणून नव्हे, माल म्हणून. १८५८ मध्ये ती विषमज्वरानं वारली. मुलांच्या गोऱ्या चेहऱ्यांकडे पाहा म्हणजे ही आई कशातून पळाली ते कळेल, अशा अर्थाचं लूसी स्टोन कोर्टातच बोलली होती.

ड्रेड स्कॉटचा १८५७ चा निकाल कायद्याच्या पुस्तकांत असतो, हॅरिएट स्कॉट नसते. १८४६ मध्ये नवराबायको दोघांनी सेंट लुईसमध्ये आपापले स्वतंत्र दावे लावले होते. त्यांना दोन मुली. मूल आईचा दर्जा घेतं या नियमानं हॅरिएट मोकळी ठरली असती तर मुली मोकळ्या होण्याची वाट उघडली असती. पण वकिलांच्या सोयीसाठी तिचा दावा नवऱ्याच्या दाव्याला बांधला गेला, आणि तो हरला. सरन्यायाधीश टॉनी यांनी निकाल दिला की काळी माणसं, मग ती गुलाम असोत की स्वतंत्र, या देशाची नागरिक होऊच शकत नाहीत. आणि गुलामावरचा मालकी हक्क घटनेत स्पष्टपणे मान्य केलेला आहे! मॅडिसननं जे लपवलं होतं ते टॉनींनी सत्तर वर्षांनी उघड वाचून दाखवलं.

मग युद्ध झालं. ते टाळण्यासाठी मार्च १८६१ मध्ये काँग्रेसनं, राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्रानं कधीही हात लावू नये अशी घटनादुरुस्ती मंजूरही केली होती. त्यातही ‘गुलाम’ शब्द नव्हताच. राज्यांच्या मान्यतेअभावी ती बारगळली. १ जानेवारी १८६३ चा लिंकनचा जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखापुरता होता. सगळीकडची गुलामगिरी घटनेतूनच संपवा, ही मागणी घेऊन एलिझाबेथ कॅडी स्टॅन्टन, सुझन अँथनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी मे १८६३ मध्ये स्त्रियांची राष्ट्रीय संघटना बांधली आणि गावोगाव सह्या गोळा केल्या. आपल्यापैकी ज्यांनी दारोदार फिरून सह्या घेतल्या आहेत त्यांना यातली मेहनत कळेल. फेब्रुवारी १८६४ मध्ये पहिल्या एक लाख सह्यांचे गठ्ठे दोन काळ्या पुरुषांनी सेनेटच्या सभागृहात आणले आणि चार्ल्स सम्नर यांच्या टेबलावर ठेवले. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश सह्या स्त्रियांच्या होत्या. पुढे हा आकडा चार लाखांच्या जवळ गेला.

यानंतर दोनच महिन्यांनी जे घडलं त्यासाठीच मी हा लेख लिहिते आहे. दुरुस्तीचे शब्द काय असावेत यावर सेनेटमध्ये चर्चा चालू होती. सम्नरनी सुचवलं की सर्व व्यक्ती कायद्यापुढे समान आहेत, त्यामुळे कुणीही कुणाला गुलाम म्हणून ठेवू शकत नाही, असं लिहावं. मिशिगनचे सेनेटर जेकब हॉवर्ड उठले. ते गुलामगिरीचे विरोधकच, सम्नरच्याच पक्षाचे. त्यांचा आक्षेप असा की असं लिहिलं तर कायद्यापुढे स्त्री पुरुषाएवढी स्वतंत्र ठरेल, बायको नवऱ्याच्या बरोबरीची ठरेल. बस्स. एवढं पुरलं. सम्नरनी आपली सूचना मागे घेतली. समानतेचा शब्द गेला आणि त्याजागी १७८७ च्याच एका जुन्या वटहुकमातले शब्द उचलून आणले: गुलामगिरी किंवा सक्तीची चाकरी असणार नाही, ‘रीतसर दोषी ठरलेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ती सोडून’. ६ डिसेंबर १८६५ ला ही तेरावी दुरुस्ती पक्की झाली. ‘गुलामगिरी’ हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला तो ती रद्द करताना, आणि येताना अपवाद घेऊन आला.

गुलामगिरी संपली ही लहान गोष्ट नव्हे. चाळीस लाख माणसं मोकळी झाली. आया आपली विकलेली मुलं शोधत मैलोन्‌मैल चालल्या. त्या दुरुस्तीचा एक गुणही सांगायला हवा, की ती फक्त सरकारला नव्हे, घरातल्या मालकालाही लागू होते. पण समानता का गाळली याचं कारण सभागृहाच्या नोंदीतच आहे. बायकोवरची सत्ता सुरक्षित राहावी म्हणून काळ्या माणसांनाही अर्धवट शब्द मिळाले. वंशाची उतरंड आणि लग्नातली उतरंड एकमेकींना कशा धरून असतात, याचा यापेक्षा उघड पुरावा माझ्या वाचनात नाही.

आता त्या तराजूबद्दल. ‘बाई म्हणजे गुलामच’ असं आपण शिबिरांत, पथनाट्यांत सर्रास म्हणतो. अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्री-कार्यकर्त्याही म्हणायच्या. लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची, मुलं नवऱ्याची, हा कायदा अन्यायाचाच होता. पण तिला लिलावात उभं करता येत नव्हतं, तिची मुलं बाजारात नेता येत नव्हती आणि दक्षिणेतल्या कितीतरी गोऱ्या बायका स्वतः गुलामांच्या मालकिणी होत्या. ही उपमा वापरली की एक बाई दृष्टीआड होते: जी खरोखर गुलाम होती आणि बाईही होती.

पुढच्या दोन दुरुस्त्यांच्या वेळी नेमकी तीच दृष्टीआड झाली. दक्षिणेतल्या राज्यांनी युद्ध संपताच काळ्यांसाठी खास कायदे केले. काम नसलेल्याला भटक्या ठरवून दंड, दंड न भरला तर मजुरीला जुंपणं. मिसिसिपीत तर अनाथ-गरीब काळी मुलं ‘उमेदवारी’च्या नावाखाली मालकाच्या ताब्यात द्यायची, आणि त्यात पहिला हक्क पूर्वीच्या धन्याचा. मे १८६६ मध्ये मेंफिस शहरात गोऱ्या झुंडींनी ४६ काळ्या माणसांना ठार केलं, शाळा-चर्चं जाळली. चौकशीसाठी आलेल्या काँग्रेसच्या समितीपुढे पाच काळ्या स्त्रियांनी उभं राहून आपल्यावरच्या बलात्काराची साक्ष दिली. सीलियाला फाशी होऊन तेव्हा अकरा वर्षंही झाली नव्हती. शिक्षा कुणालाच झाली नाही, पण त्या साक्षी सरकारी अहवालात छापल्या गेल्या.

त्याच महिन्यांत चौदाव्या दुरुस्तीचा मसुदा तयार होत होता. तिच्या पहिल्या भागात नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण आलं. दुसऱ्या भागात मतदारांबद्दल बोलताना ‘पुरुष’ हा शब्द घातला गेला, अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदाच, आणि एकदा नव्हे तीनदा. हा शब्द एकदा आत गेला की बाहेर काढायला शंभर वर्षं लागतील, असं स्टॅन्टननं आधीच लिहिलं होतं. १८६८ मध्ये दुरुस्ती पक्की झाली. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनं वंश, वर्ण आणि पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारायला बंदी केली. लिंगाचा उल्लेख नाही.

यावरून चळवळ फुटली. ही घडी काळ्यांची आहे, बायकांनी थांबावं, असं जुने सहकारी म्हणू लागले. स्टॅन्टन इतकी कडवट झाली की काळ्या आणि परदेशातून आलेल्या पुरुषांबद्दल अत्यंत हीन भाषेत बोलू-लिहू लागली. त्याला माफी नाही. अन्याय झाला म्हणून खालच्याला तुडवायचा परवाना मिळत नाही. पण ‘काळे’ म्हणजे पुरुष आणि ‘बायका’ म्हणजे गोऱ्या, हे दोन्ही बाजूंनी धरूनच टाकलं होतं. काळे आज आपल्या जिवासाठी लढताहेत, असं १८६९ च्या न्यूयॉर्कच्या सभेत डग्लस सांगत असताना कुणीतरी विचारलं, हे काळ्या बाईलाही लागू नाही का? लागू आहे, तो म्हणाला, पण ती बाई आहे म्हणून नव्हे, काळी आहे म्हणून. मेंफिसच्या त्या पाचजणींना विचारलं असतं तर?

काळ्या स्त्रियांचंही एकमत नव्हतं. सोजर्नर ट्रूथ ही न्यूयॉर्क राज्यात गुलामीत वाढलेली, बेकायदा विकलेला आपला मुलगा कोर्टात जाऊन परत मिळवणारी बाई. १८६७ मध्ये ती म्हणाली की काळ्या पुरुषांच्या हक्कांची एवढी चर्चा चाललीय पण काळ्या बाईबद्दल अक्षर नाही. फक्त पुरुषांना हक्क मिळाले तर ते बायकांचे मालक बनतील. फ्रान्सेस हार्पर ही जन्मानं स्वतंत्र, कवयित्री, वक्ती. १८६६ मध्ये तिनं गोऱ्या बायकांच्या परिषदेत नवरा मेल्यावर दुधाची भांडी आणि कपडे धुण्याची टपंसुद्धा कर्जापोटी कशी उचलून नेली ते सांगितलं, आणि त्याच भाषणात काळी म्हणून गाडीतून कसं उतरवतात तेही. एकाच बाईच्या अंगावर दोन्ही कायदे. तरीही १८६९ मध्ये तिनं पंधराव्या दुरुस्तीच्या बाजूनं उभं राहायचं ठरवलं. निदान पुरुषांना तरी मिळू दे म्हणाली. मला ट्रूथचं भाकीत खरं वाटतं आणि हार्परचा निर्णय समजतो. अशा वेळी ज्यांच्या अंगावर दोन्ही ओझी आहेत त्यांना निवड करायला लावणाऱ्यांनाच जाब विचारायला हवा.

१८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की बाई नागरिक आहे, पण नागरिक असलं म्हणजे मत असतंच असं नाही. लिंगावरून मत नाकारता येणार नाही असं घटनेत यायला १९२० उजाडलं. दक्षिणेतल्या बहुसंख्य काळ्या स्त्रियांच्या हाती ते खऱ्या अर्थानं १९६५ च्या कायद्यानंतर आलं.

या सगळ्याचा आपल्याशी एक जुना धागा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेला निःस्वार्थ त्याग आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवावा, ही त्यामागची आशा. एक बारकावा पाहा. फुल्यांनी अर्पण केलं ते लोकांना, त्यांच्या घटनेला नव्हे. पंचाहत्तर वर्षांनी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली आपल्या घटनेचा मसुदा झाला तेव्हा तेविसाव्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांची नावं घेऊन बंदी आली. लपवाछपवी नाही. मात्र त्याच कलमाचा दुसरा भाग जरूर काढून वाचा. सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, ती लावताना धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेदभाव करायचा नाही, असं तिथे आहे. पंधराव्या कलमाच्या यादीत असलेला ‘लिंग’ हा शब्द इथे नाही.

तेराव्या दुरुस्तीतल्या त्या अपवादाचं पुढे काय झालं? युद्धानंतर दक्षिणेत किरकोळ गुन्ह्यांत काळ्या माणसांना पकडून त्यांची मजुरी खाणी, रेल्वे, विटभट्ट्यांच्या ठेकेदारांना भाड्यानं देण्याची पद्धत सुरू झाली. जॉर्जियात स्त्रियाही अशा भाड्यानं दिल्या गेल्या. अलाबामात हे १९२८ पर्यंत चाललं. देशाच्या घटनेतला अपवाद आजही तसाच आहे. काही राज्यांनी मात्र आपापल्या घटनांतून तो मतदानानं काढून टाकला. २०१८ मध्ये कोलोरॅडो, २०२० मध्ये नेब्रास्का आणि युटा, २०२२ मध्ये अलाबामा, टेनेसी, ओरेगॉन आणि व्हरमॉंट. ५ नोव्हेंबर २०२४ ला नेवाडा आणि कॅलिफोर्निया या शेजारशेजारच्या राज्यांत एकाच दिवशी हा प्रश्न मतदारांपुढे आला. कॅलिफोर्नियातले कैदी, त्यात स्त्रियाही आल्या, जंगलातले वणवे विझवण्यापासून धुणंभांड्यापर्यंतची कामं करतात. त्या वर्षी यातल्या बहुतेक कामांना तासाला एक डॉलरही मिळत नव्हता. नेवाडाच्या मतपत्रिकेवर ‘गुलामगिरी’ हा शब्द छापला होता. तिथे प्रस्ताव मंजूर झाला. कॅलिफोर्नियात मतपत्रिकेवर फक्त ‘सक्तीची चाकरी’ असं होतं. तिथे तो पडला.